जहाज संध्याकाळी सुटते, वाशीमहून निघायचे कधी?

वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न आपल्या वस्तीत कोणी विचारला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. आज मात्र तो घराघरांत येऊ लागला आहे. मुलगा पुण्याला नोकरीला लागतो, मुलगी बँकेत लागते, आणि आईबाबांच्या निवृत्तीनिमित्त मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजाची दोन-तीन रात्रींची सहल काढून देते. ज्यांनी उभा जन्म एस.टी.च्या मागच्या सीटवर काढला, त्यांच्या हाती समुद्रावरच्या खोलीचे तिकीट पडते. मग घरात वाद सुरू होतो. जहाज ज्या दिवशी सुटते त्याच दिवशी मुंबईत पोचावे, की एक दिवस आधी? मुलगा मोबाईलवर विमान दाखवतो. मामा म्हणतात, "सकाळी विमानात बसा, दुपारी जहाजात बसा, त्यात एवढं काय होते बापा?" बाबा मात्र गप्प असतात, कारण एक दिवस आधी जायचे म्हणजे आणखी एक रजा आणि आणखी एका रात्रीचा खर्च.

हा वाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिकिटाचे पैसे घरातल्या कोणाच्या तरी घामाचे असतात.

आधी जहाजाची रीत समजून घेऊ. कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' या जहाजाने सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या सुरू केल्या. बॅलार्ड पिअरचे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाले. विमानतळासारखीच तिथली तऱ्हा आहे: सामानाची तपासणी, ओळखपत्र, रांग, शिक्का. एस.टी.चा कंडक्टर ओळखीचा असला तर दोन मिनिटे थांबतो. जहाज मात्र थांबत नाही, आणि त्यात कोणाचा आडमुठेपणा नाही. धक्क्यावरची जागा तासांच्या हिशेबाने ठरलेली असते. बंदरातून बाहेर काढणारा वाटाड्या, ज्याला तिथे पायलट म्हणतात, त्याची वेळ ठरलेली असते. भरती-ओहोटी पाहावी लागते. शिवाय किती माणसे जहाजावर आहेत त्याची यादी सुटण्याआधी बंद करून द्यावी लागते. म्हणून तिकिटाच्या कागदांवर दोन वेळा असतात. एक जहाज सुटण्याची आणि दुसरी चढणे बंद होण्याची. आपली माणसे पहिली वेळ वाचतात, पण आपल्याला लागू होते ती दुसरी, आणि ती बरीच आधीची असते. संध्याकाळी पाचचे जहाज म्हणजे पाचपर्यंत वेळ आहे, असे समजू नये.

गंमत अशी की इंग्रजांच्या काळात हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलेला होता. बॅलार्ड पिअरला धक्क्यालगतच रेल्वेचे स्टेशन होते, बॅलार्ड पिअर मोल नावाचे. विलायतेहून डाकेची बोट लागली की फ्रंटियर मेल, इम्पीरियल इंडियन मेल यांसारख्या गाड्या तिथूनच उतारू घेऊन निघत. गाडीचे वेळापत्रक बोटीला बांधलेले होते. बोट उशिरा आली तर गाडी तिची वाट पाहत थांबे. परमपूज्य बाबासाहेब ४ ऑक्टोबर १९३० रोजी पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने, त्याच जमान्यात. आज ती सांगड तुटली आहे. विमान एका कंपनीचे, रेल्वे सरकारची, जहाज तिसऱ्याचे, आणि टॅक्सीवाला चौथा. एकाला उशीर झाला तर दुसऱ्याला त्याचे सुतक नाही. सांगड घालण्याचे काम आता उतारूवरच आले आहे, म्हणून त्याने आधी हिशेब केला पाहिजे.

हा हिशेब कसा करावा? लोक विचारतात, "लवकर कोण पोचवते?" विमान दीड तासात पोचवते, म्हणून विमान चांगले. माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचे ते असे: हे वाहन रद्द झाले, तर याच्यामागे आपल्याला घेऊन जाणारे दुसरे काय आहे आणि ते किती वाजता पोचेल? मागे काहीच नसेल तर त्या दिवशी निघणे म्हणजे जुगार.

वाशीमकराला हे विशेष लागू होते, कारण आपल्या जिल्ह्यात विमानतळ नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे विमान सुरू झाले, ही वऱ्हाडासाठी आनंदाचीच गोष्ट होती. पण सुरुवात झाली ती सत्तरेक आसनांच्या छोट्या विमानाने आणि आठवड्यातून तीन दिवसांनी. अशा मार्गावरचे विमान रद्द झाले तर पुढचे विमान तासाभराने येत नाही. ते परवा येते, आणि तोवर आपले जहाज गोव्याच्या समुद्रात असते. नागपूरहून मुंबईला दिवसात अनेक विमाने आहेत, तिथे मागचे वाहन सापडण्याची आशा आहे. पण वाशीमहून नागपूर गाठायलाच अर्धा दिवस जातो. आणखी एक गोष्ट. तेच एक विमान दिवसभरात चार-सहा गावे फिरत असते. सकाळी उत्तरेत धुक्यात अडकले की त्याचा उशीर दुपारी महाराष्ट्रातल्या विमानतळावर येऊन पोचतो. आपल्याकडे कडक ऊन असते आणि विमान धुक्यामुळे उशिरा येणार म्हणतात, ते यामुळे. मुंबईहून जहाजांचा हंगाम पावसाळा सोडून असतो, म्हणजे नेमका धुक्याचा काळही त्यातच येतो.

कोणी म्हणेल, असे रोज थोडेच होते? रोज होत नाही. पण डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा आठवून पाहा. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नवे नियम लागू झाले, इंडिगो कंपनीचे नियोजन कोलमडले, आणि देशभर हजारो उड्डाणे रद्द झाली. एकट्या ५ डिसेंबरला हजाराहून जास्त. विमानतळांवर सामानाचे ढीग लागले. तिकिटाचे पैसे परत द्यायला सरकारने लावले. पण तिकिटाचे म्हणजे विमानाच्या तिकिटाचे. त्या विमानाच्या भरवशावर कोणाचे लग्न होते, कोणाचा इंटरव्ह्यू होता, कोणाचे जहाज होते, त्याचा हिशेब विमान कंपनी देत नाही. त्याआधी १ जुलै २०१९ च्या रात्री पावसात एक विमान मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरले, आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. म्हणजे आपले विमान धडधाकट असूनही उतरायला जागा नाही, असेही होऊ शकते.

विमानतळावर उतरल्यावरही आपण धक्क्यावर पोचलेलो नसतो. सांताक्रूझ-अंधेरीकडून बॅलार्ड पिअर वीस-पंचवीस किलोमीटर, तेही मुंबईच्या रहदारीत. आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने सुरू झाली आहेत. तिकिटावर नुसते 'मुंबई' वाचून समाधान मानू नका. कोणता विमानतळ ते पाहा. नवी मुंबईला उतरलात तर बॅलार्ड पिअरला यायला खाडी ओलांडावी लागते.

याउलट रेल्वे. आपली बहुतेक माणसे अकोल्याला जाऊन रात्रीची गाडी धरतात. विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती-मुंबई एक्सप्रेस सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सोडते, आणि तिथून बॅलार्ड पिअर दीड-दोन किलोमीटर. सामान कमी असेल तर माणूस चालतसुद्धा जाईल. गाडी दोन-तीन तास उशिरा आली तरी दुपार हातात राहते. म्हणजे 'त्याच दिवशी पोचणे' सगळीकडे सारखे नाही. सकाळी सातला धक्क्याच्या शेजारी उतरणारा आणि दुपारी एकला विमानतळावर उतरणारा, दोघेही त्याच दिवशी पोचले. पण एकाच्या गाठीला सात-आठ तास आहेत, दुसऱ्याच्या गाठीला काहीच नाही. ज्यांना जास्तीची रजा मिळतच नाही, दवाखान्यातले कामगार असोत, नगरपालिकेतले सफाई कामगार असोत की रोजंदारीवरचे, त्यांनी निदान रात्रीची रेल्वे धरावी. आणि तिकीट पक्के असेल तरच. वेटिंगवर जहाज गाठायला निघू नये. ५ ते ७ डिसेंबरच्या आसपास तर जहाजाची तारीख घेऊच नये. त्या दिवसांत विदर्भातून मुंबईला जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

पण रेल्वेही काही वेळेची गुलाम नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली होती. हजारावर उतारूंना होड्यांतून काढावे लागले.

रेल्वेच्या उशिराचा एक खटला तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ११ जून २०१६ रोजी एक कुटुंब अजमेर-जम्मू एक्सप्रेसने निघाले. जम्मूहून त्यांचे दुपारचे श्रीनगरचे विमान होते. गाडी सकाळी आठच्या सुमारास पोचायची, ती पोचली चार तास उशिरा. विमान गेले. त्यांनी १५,००० रुपये देऊन टॅक्सी केली, श्रीनगरला शिकाऱ्याच्या मुक्कामासाठी केलेल्या आरक्षणाचे पैसेही बुडाले. ते ग्राहक मंचात गेले. मंचाने भरपाई दिली, रेल्वेने वर अपिले केली, आणि ६ सप्टेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेचे म्हणणे फेटाळले: उशिराचे कारण रेल्वेने सिद्ध करावे, ते करता आले नाही तर भरपाई द्यावी. निकाल चांगला आहे आणि प्रत्येकाने लक्षात ठेवावा. गाडी उशिरा आली तर तिकीट, टॅक्सीची पावती, आरक्षणाचा कागद जपून ठेवावा, तालुक्याच्या गावीही ग्राहक संघटनेची माणसे भेटतात. पण तारखा पुन्हा वाचा. २०१६ ते २०२१. पाच वर्षांनी पैसे मिळाले. गेलेला दिवस कुठे मिळतो?

तिसरा मार्ग समृद्धी महामार्गाचा. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबईजवळपर्यंत ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. शेलूबाजार किंवा मालेगावला चढलात की आमण्यापर्यंत रस्ता मोकळा. त्यापुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी. दिवसा, आदल्या दिवशी निघणाऱ्याला हा मार्ग चांगला. पण "रात्री बाराला निघू, सकाळी जहाजावर" हा बेत मला पसंत नाही. सरळ रस्त्यावर ड्रायव्हरला झापड येते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जीव गेले, ते आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात. वेळ गाठायची म्हणून रात्रभर गाडी हाकण्यापेक्षा जहाज चुकलेले परवडले.

आता खर्चाचे बोलू. समजा दोघांचे जहाजाचे तिकीट ५०,००० रुपयांचे आहे. एक दिवस आधी जाण्याचा खर्च, राहणे-जेवण धरून, समजा ३,०००. एक दिवसाची मजुरी बुडाली तर आणखी काही शे रुपये. कोणी म्हणेल ३,००० वाचले. वाचले नाहीत, ५०,००० पणाला लावून वाचवायचा तो प्रयत्न होता. वर्षातून चार वेळा फिरणाऱ्या श्रीमंताने हा जुगार खेळावा, एकदा हरला तरी त्याला पुढची सहल आहे. ज्याच्या घरात ही सहल एकदाच व्हायची आहे त्याने खेळू नये. राहण्याचा खर्चही मोठा असलाच पाहिजे असे नाही. वरळीच्या, नायगावच्या चाळीत, घाटकोपर-चेंबूरला कोणाची ना कोणाची आत्या, काका असतातच. आदल्या रात्री त्यांच्याकडे उतरावे, तेवढीच गाठभेट होते. कोणी नसेल तर स्टेशनवर रेल्वेची विश्रामगृहे असतात, रेल्वेच्या पक्क्या तिकिटावर आधी आरक्षण करता येते.

जहाज चुकलेच तर "पुढच्या बंदरावर जाऊन चढू" असे कोणी सुचवील. कंपनीला विचारल्याशिवाय हा विचार करू नये. लक्षद्वीपला तर प्रवेशाचा परवाना लागतो. नुसते तिकीट काढून तिथे उतरता येत नाही. प्रवासाचा विमा काढला असेल तर 'जोडप्रवास चुकल्यास' ही अट आधी वाचा. पुष्कळ विम्यांत किती तास उशीर झाला तर पैसे, हे ठरलेले असते, आणि आपणच कमी वेळ ठेवला असेल तर ते हात वर करतात.

हाच हिशेब त्याहून मोठ्या प्रवासालाही लागू आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आपली मुले-मुली विलायतेला, अमेरिकेला शिकायला जात आहेत. त्यांना निरोप द्यायला सारे कुटुंब मुंबईला निघते. तिथे तर एक दिवस आधी पोचण्यात वादच नको. जहाज चुकले तर सहल जाते. विद्यापीठात हजर होण्याची तारीख चुकली तर पोराचे वर्ष पणाला लागते. आणि विमानाची दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील, नागपूर ते मुंबई एक आणि पुढचे दुसरे, तर पहिल्याच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास असतील तर ती पुढची सोय करून देते. काढतानाच हे विचारून घ्यावे.

परतीचे थोडे. जहाज सकाळी धक्क्याला लागते म्हणून लगेच दहाचे विमान काढू नका. हजार-दीड हजार माणसे मजल्या-मजल्याने उतरतात, सामान नंतर येते. संध्याकाळची विदर्भ किंवा अमरावती एक्सप्रेस काढावी. मधल्या वेळात सामान सी.एस.एम.टी.च्या सामानघरात ठेवता येते. बॅगेला कुलूप मात्र हवे, बिनकुलपाची बॅग तिथे घेत नाहीत. अकोल्याला पहाटे उतरलात की वाशीमची बस मिळते.