बेसमेंट जॅक्सचा 'किश कॅश': एका अल्बममध्ये केवढी गर्दी!

डान्स म्युझिक म्हणजे नुसतं 'धुम-धुम', असं म्हणणाऱ्याला मी 'किश कॅश' ऐकायला लावतो. फेलिक्स बक्स्टन आणि सायमन रॅटक्लिफ या लंडनच्या जोडीचा, म्हणजे बेसमेंट जॅक्सचा, हा 2003 चा अल्बम. पाया हाउसचा, पण वर पंक, सोल, फंक, आर अँड बी सगळं मिसळलेलं.

गायकांची निवड तर अफलातून! 'गुड लक'मध्ये 'द बेलरेज' या रॉक बँडची लिसा केकौला असा काही आवाज लावते की स्पीकरची काळजी वाटावी. शीर्षकगीताला पंकच्या जमान्यातली सूझी सू. 'लकी स्टार'मध्ये डिझी रास्कल, ज्याला त्याच वर्षी पहिल्याच अल्बमसाठी मर्क्युरी प्राइझ मिळालं. आणि 'प्लग इट इन'ला चक्क 'एनसिंक' या बॉय बँडचा जेसी शॅजे! शेवटचं 'फील्स लाइक होम' मिशेल एनडेगेओचेलोचं, एकदम संथ.

ग्रॅमीने 2005 मध्ये इलेक्ट्रॉनिक/डान्स अल्बमचा पुरस्कार सुरू केला, तो पहिला मान यालाच. पहिल्यांदा ऐकताना गोंगाट वाटेल, खरंय. हेडफोन लावा आणि 'गुड लक'पासूनच सुरुवात करा.