ओघळ माथ्यावरचा, संशय इंजिनावर

कर्जत-मुरबाड रस्त्यावर कशेळ्याच्या आसपास एमएच 06 पाटीची मारुती 800 किंवा ओम्नी दिसली, की गाडी जुनी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. या भागातल्या नव्या गाड्यांवर पनवेलचा 46 असतो. अशा जुन्या गाडीच्या इंजिनाच्या माथ्यावरून तेलाचा काळा ओघळ उतरला, की बघणाऱ्यांचं निदान तयार असतं: ‘रिंगा गेल्या, इंजिन बांधायला काढा.’

बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा जागेवर असतात. गेलेलं असतं ते टॅपेट कव्हरचं पॅकिंग.

800 आणि ओम्नी या दोघींत 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन आहे. त्याच्या माथ्यावर कॅमशाफ्ट आणि रॉकर असतात. ऑइल पंप त्यांच्यापर्यंत तेल चढवतो, ते तिथे उडतं आणि ओघळून खाली चेंबरमध्ये परत जातं. उडालेलं तेल बाहेर येऊ नये म्हणून वर झाकण आणि झाकणाच्या कडेला पॅकिंग, एवढीच ही रचना. सिलिंडरमधल्या स्फोटाचा दाब या पॅकिंगला कधी सोसावाच लागत नाही. ते काम हेड गॅस्केटचं. हे रबर वर्षानुवर्षं तापून कडक होतं, नखाने दाबलं तरी दबत नाही, आणि मग तेल वाट काढतं.

हेड गॅस्केट गेल्याची लक्षणं निराळी: रेडिएटरचं पाणी कमी होत जातं, गाडी तापते, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. पावसाळ्यात मात्र एक फसवणूक ठरलेली. तेल भरायच्या बुचाखाली पिवळट-पांढरा साका दिसतो आणि ‘तेलात पाणी उतरलं’ अशी बोंब होते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत गाडी बाजारापर्यंत नेऊन लगेच परत आणली, तर इंजिन पुरतं तापतच नाही. आतली वाफ थंड बुचाला लागून तिथेच जमते. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल आणि रेडिएटरची पातळी हलली नसेल, तर गाडी एकदा कर्जतपर्यंत मोकळी पळवून आणावी आणि बूच पुन्हा बघावं.

‘नट जरा आवळा, थांबेल.’ सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. कडक झालेलं रबर आवळून मऊ होत नाही. उलट पत्र्याचं झाकण नटाजवळ दबतं, दोन नटांच्या मध्ये उचललं जातं, आणि आधी एका जागी असलेली गळती चार जागी सुरू होते. त्यातून आटे गेले तर खाली हेड ॲल्युमिनियमचं; दोनशे रुपयांच्या आतबाहेरचं काम लेथवाल्यापर्यंत जातं. छोट्या गाड्यांत या नटांना साधारण 5 ते 10 न्यूटन-मीटर एवढाच ताण पुरतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत मिळतो. 10 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पाचेक किलोचा जोर दिला, की 5 न्यूटन-मीटर होतात. म्हणजे मनगटाचं काम. चाकाचे नट आवळणारा खांदा इथे आणू नये. आवळायचंही मधून बाहेर, आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत. नटाखालचे रबरी वॉशर जुनेच ठेवले, तर नवं पॅकिंग घालूनही तिथून तेल येतं, आणि दोष पॅकिंगच्या माथी जातो.

सिलिकॉनचं वेड हा दुसरा त्रास. ट्यूब हातात आली की काही जण पॅकिंगच्या दोन्ही बाजूंनी सढळ हाताने थापतात. साचेबद्ध रबरी पॅकिंग कोरडंच बसवायचं असतं. सिलिकॉन लागलंच तर जिथे कोपरा किंवा दोन भागांचा सांधा असतो तिथे थेंबभर, तेही पुस्तिका सांगत असेल तर. जास्तीचं आत सुटतं, तेलाबरोबर चेंबरमध्ये जातं आणि पंपाच्या जाळीला अडकतं. बाहेरची गळती थांबवता थांबवता आतलं तेलच थांबवलं, असा तो प्रकार. जाडं तेल भरून गळती बंद होते हेही खरं नाही: फट तशीच राहते, आणि थंड इंजिन सुरू होताना जाडं तेल माथ्यावर उशिरा पोचतं.

‘दोन थेंबांनी काय बिघडतं?’ तेल गरम एक्झॉस्टवर पडलं तर बरंच बिघडतं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे जळक्या तेलाचा वास थेट गाडीत येतो. नेरळहून माथेरानच्या घाटात ओम्नी चढवणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. वासापाठोपाठ धूर दिसला, तर मात्र गाडी थांबवावी.

काम घरच्या अंगणात होतं, पण खोलण्याआधी गळती नक्की कुठली ते ठरवा. तेल खाली आणि वाऱ्याने मागे सरकतं, म्हणून ओली जागा म्हणजेच गळकी जागा, असं नसतं. डिस्ट्रिब्युटरच्या रिंगेतून आलेलं तेलही हुबेहूब असंच दिसतं. थंड इंजिन पुसून कोरडं करा, संशयाच्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी थोडा वेळ जागेवर चालू ठेवा. पावडरवर रेघ जिथून सुरू होते, तिथे दोष.

पुढचं सोपं आहे. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी, पाइप काढण्याआधी मोबाइलवर फोटो. कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, आणि ते काढायची आठवण म्हणून गाडीची किल्ली त्याच्याशेजारीच ठेवा. जुनं पॅकिंग खरवडताना पत्ती ॲल्युमिनियमवर ओढू नका. तिथे पडलेला ओरखडा म्हणजे नवी वाट. दुकानात जाताना जुनं पॅकिंग सोबत न्या, कारण मॉडेल एकच असलं तरी वर्षागणिक आकार बदलतो.

नवं पॅकिंग नीट बसूनही महिन्याभरात ओघळ परतला, तर ब्रीदर पाइप बघा. तो काजळीने तुंबला की आतला वारा कोंडतो आणि तेलाला बाहेर ढकलतो. पाइप मोकळा असूनही बूच काढल्यावर तिथून जोरात धूर फुंकला जात असेल, तर आता रिंगांचं नाव घ्यायला हरकत नाही.