दिवे मालवून ऐकायची गोष्ट

१५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीने लंडनहून ‘डेंजर’ नावाचे छोटे नाटक प्रसारित केले. रिचर्ड ह्यूज यांनी ते रेडिओसाठीच लिहिले होते. वेल्समधली कोळशाची खाण. ती पाहायला आलेली माणसे खाली अडकतात, दिवे जातात, पाणी चढू लागते. श्रोत्याला काही दिसत नाही, ही तोवर रेडिओची उणीव मानली जाई. ह्यूज यांनी पात्रांनाही अंधारात बसवले आणि ती उणीवच गोष्टीची जागा झाली. श्रोत्यांनाही घरातले दिवे मालवायला सांगितले होते. खाणीत दूरवर गाणारे कामगार हवे होते, म्हणून वेल्श गायकांना स्टुडिओबाहेर उभे केले. दार उघडले की गाणे जवळ येई, लोटले की लांब जाई.

आज ध्वनिकथेला कितीही यंत्रे मिळाली, तरी तिचा पाया मला त्या दारातच दिसतो. आवाज कुठून येतो आणि किती लांबून, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळले पाहिजे. माइकपासून वीतभर अंतरावर हलके बोललेले वाक्य मनातले वाटते. तेच तोंड वळवून, चार पावले मागे सरून बोलले की माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातो. दगडी गाभाऱ्यात टाळी घुमते, गोधड्यांच्या खोलीत विरते. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. जाणता ध्वनिमुद्रक सगळ्यांना मिनिटभर गप्प बसवून तो टिपून ठेवतो. वाक्यांच्या मधल्या फटीत तो नसेल, तर पात्र गप्प बसल्यासारखे वाटत नाही. यंत्र बंद पडल्यासारखे वाटते.

दुसरे मोठे वळण १९५७ च्या जानेवारीतले. सॅम्युएल बेकेट यांच्या ‘ऑल दॅट फॉल’ या रेडिओनाटकात एक थकलेली वयस्कर बाई नवऱ्याला आणायला स्टेशनवर चालत निघते. बेकेट यांना गायी-मेंढ्यांचे खरे आवाज हवे होते. निर्माते डॉनल्ड मॅकव्हिनी यांनी ते माणसांच्या तोंडून काढून घेतले. मला मॅकव्हिनी यांचेच पटते. तो रस्ता आयर्लंडचा असला तरी आपण तो त्या बाईच्या मनातून चालतो, आणि मनातली गाय खऱ्या गायीसारखी हंबरत नाही. या नाटकाच्या ध्वनिपरिणामांवर डेस्मंड ब्रिस्को यांनी काम केले. पुढच्याच वर्षी ब्रिस्को आणि डॅफ्नी ओरम यांच्या पुढाकाराने बीबीसीची ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ उभी राहिली.

मग दोन्ही कानांना वेगवेगळा आवाज देणारे हेडफोन आले. एखादा आवाज एका कानाला दुसऱ्याच्या आधी पोचतो. तो फरक एका मिलिसेकंदाहूनही कमी, पण मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. माणसाच्या डोक्याएवढा पुतळा करून कानांच्या जागी माइक बसवले, की मागून आलेली कुजबुज खरोखर मागून येते. ऐकणारा दचकून मान वळवतो, हे खरे. पण मागे उभा असलेला माणूस कोण, हे लेखकालाच ठाऊक नसेल तर ते दचकणे दुसऱ्या वेळी होत नाही.

मराठीला हे सगळे परके नाही. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालिकेतल्या मीनावहिनी, म्हणजे नीलम प्रभू, नुसत्या आवाजाने घर उभे करत. २०१७ मध्ये ‘स्टोरीटेल’ भारतात आले आणि मराठी पुस्तके ऐकण्याची सवय वाढली, उत्तम नटांचे गळे लाभले. तरीही आपले बहुतेक काम अजून छापील पुस्तकाच्या वाचनाचे आहे. ध्वनी जोडलाच, तर मागे बासरी, पाऊस म्हटले की पाऊस, दार म्हटले की करकर. शब्दाने सांगितलेलेच आवाज पुन्हा सांगतो.

कोकणातली रात्र घ्या. कौलांवरचा पाऊस वेगळा, पन्हळीतून पडणारी धार वेगळी, गोठ्याच्या पत्र्यावरचा ताशा तिसराच. हे तिन्ही कानात असतील तर लेखकाने ‘पाऊस कोसळत होता’ हे वाक्य खोडावे, आणि आईने पडवीतून हाक मारताना फक्त आवाज चढवावा. पाऊस किती आहे ते त्या चढलेल्या आवाजातून कळते. असे खोडणे तयार पुस्तकात जमत नाही, त्यासाठी संहिताच कानांसाठी लिहावी लागते.

म्हणून प्रकाशकांना आणि निर्मात्यांना माझी विनंती आहे. येत्या वर्षात एक तरी गोष्ट मुळातून ऐकण्यासाठी लिहून घ्या, आणि तिच्या ध्वनिमुद्रकाचे नाव लेखकाच्या नावाशेजारी, त्याच आकारात छापा.