पुढे उभं केलेलं मूल

(मासिक व्याख्यानाचे शब्दांकन. श्रोत्यांचे काही प्रश्न शेवटी घेतले आहेत.)

विषय घरगुती आहे, त्यामुळे सुरुवातही घरातूनच करतो. मी बरीच वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. वेग, बल, संवेग हे सगळं फळ्यावर हजारदा लिहिलं. आणि त्याच काळात रोज सकाळी माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीला स्कूटरवर पुढे उभं करून बालवाडीत सोडत होतो. फळ्यावरचा न्यूटन फळ्यावरच राहत होता! (हशा)

एका दुपारी तिला घरी आणत होतो. नेहमीप्रमाणे बडबड चालू होती, मग गप्प झाली. मला वाटलं, दुकानं बघतेय. पुढे गतिरोधक आला म्हणून मी ब्रेक दाबला, तोही फार जोरात नाही, आणि तिची हनुवटी स्पीडोमीटरच्या कडेवर आपटली. ती झोपली होती. उभ्या उभ्या. तीन टाके पडले. व्रण अजून आहे. आता ती स्वतः आई झाली आहे, आणि तिच्या मुलाला गाडीवर कसं न्यायचं यावरून आमच्याकडे जी वादावादी झाली, तिच्यातून आजचं हे भाषण निघालं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मुलांना दुचाकीवर नेऊच नका, असं सांगायला मी आलेलो नाही. आपल्याकडे दुचाकी हीच लाखो घरांची कौटुंबिक गाडी आहे. शाळा, दवाखाना, मामाचं गाव, सगळं तिच्यावरच. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, आणि त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. तेव्हा नेणार असाल तर कसं नेता, एवढाच माझा प्रश्न आहे.

पुढे उभं करण्यापासून सुरू करू. आईवडिलांना ही जागा सगळ्यात सुरक्षित वाटते. मूल डोळ्यासमोर, दोन्ही बाजूंनी आपले हात. पण त्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. समोर काय आहे? हँडल, आरसे, मीटरचा कठीण भाग. आणि मागे? सत्तर किलोचा बाबा. गाडी कशावर आदळली तर बाबा पुढे सरकणार, आणि मधे कोण आहे? मूल. गाडीत एअरबॅग असते ना, तसं इथे मुलाची एअरबॅग झालेली असते. ऐकायला वाईट वाटतं, पण आहे हे असं. मोटरसायकलच्या टाकीवर बसवलेल्या मुलाचीही हीच गत.

दुसरं, मूल हँडलला धरून उभं असतं. घाबरलं की घट्ट धरतं. त्याचा हात ॲक्सिलरेटरच्या मुठीवर असेल तर ती पिळली जाते. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, बाबा उतरून गेट उघडतोय, आणि पुढे उभ्या मुलानं मूठ पिळली. गिअर नसलेली स्कूटर तशीच सुसाट सुटते. म्हणून माझा एक नियम लिहून घ्या: आपण उतरायचं असेल तर आधी चावी काढायची, मग मूल उतरवायचं, मग बाकी सगळं.

आता मुख्य मुद्दा. आपण सगळे म्हणतो, "अहो, मी धरलंय ना त्याला." या वाक्यावर जरा गणित करू. मूल १२ किलोचं. गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटर, म्हणजे गल्लीतला. सेकंदाला सव्वाआठ मीटरच्या आसपास. गाडी कशाला तरी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्या मुलाला धरून ठेवायला किती बल लागेल? साधारण १००० न्यूटन. आपल्या भाषेत १०० किलोचं पोतं. ते हातांनी पेलायचं, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत, आणि त्याच वेळी आपणही पुढे फेकले जात असताना! पैलवानालाही जमणार नाही. मागे एका अंगावर बसलेल्या आईच्या मांडीवरचं बाळ आठवा. एक हात पर्स सांभाळतोय, एक बाळाला, आणि स्वतःला धरायला तिच्याकडे तिसरा हातच नाही. यात प्रेम कमी पडत नाही हो, बल कमी पडतं.

आणि वेगाचं म्हणाल तर तो दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते. ताशी २० ला आदळणं म्हणजे साधारण दीड मीटरवरून पडणं. ताशी ४० ला सहा मीटरच्या वर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून. ६० ला चौदा मीटर. गॅलरीत मूल कठड्याशी गेलं तरी आपण किंचाळतो, आणि बायपासला त्याला घेऊन साठनं जातो.

कायदा यावर काय म्हणतो ते थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालक सोडून एकच माणूस बसू शकतो, तोही चालकाच्या मागे, पक्क्या सीटवर. या 'एका'ला वयाची सूट नाही. म्हणजे आई, बाबा आणि दोन वर्षांचं बाळ हे कायद्यानं ट्रिपल सीट. कलम १२९ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट आलं. आणि चारच्या आतल्या मुलांसाठी २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्रानं स्वतंत्र नियम काढला, तो वर्षभरानं लागू झाला. त्यात तीन गोष्टी आहेत. मुलाला पट्ट्यानं, म्हणजे सेफ्टी हार्नेसनं, चालकाशी जोडायचं. नऊ महिने ते चार वर्षं या वयात त्याच्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट घालायचं, सायकलचं प्रमाणित हेल्मेटही चालतं. आणि असं मूल मागे असताना वेग ताशी ४० च्या वर न्यायचा नाही.

सभागृहात हा पट्टा किती जणांनी पाहिलाय? ... तीन, चार. बघा. दोन-अडीच वर्षांपूर्वी मीही पाहिला नव्हता. तो म्हणजे मुलाला घालायचं एक जाकीट असतं, त्याला निघालेले पट्टे चालक आपल्या दोन्ही खांद्यांत अडकवतो. दप्तर अडकवतो ना, तसंच. नियमात तो ३० किलो वजन पेलणारा असावा असं आहे.

माझ्या जावयानं इथे एक रास्त शंका काढली. म्हणाला, "बाबा, मी पडलो तर तोही माझ्याबरोबरच पडणार, मग बांधून काय मिळालं?" खोटं नाही ते. पट्टा टक्कर टाळत नाही, हाडं वाचवायची हमी देत नाही. त्याचं काम वेगळं आहे. मूल पेंगलं, खड्ड्यात गाडी उडाली, कुत्रं आडवं आलं म्हणून कचकन ब्रेक लागला, अशा वेळी ते सीटवरून घसरून मागून येणाऱ्या बसखाली जाऊ नये, यासाठी तो आहे. आणि अशा वेळा टकरीपेक्षा कितीतरी जास्त येतात. माझ्या मुलीला तो पट्टा असता तर तीन टाके वाचले असते, कारण मुळात ती पुढे उभी नसती.

हेल्मेट. पुण्यात हा शब्द उच्चारला की मोर्चा निघतो, त्यामुळे दबकतच बोलतो. (हशा) जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या पाव भाग असतं. आपलं सातवा-आठवा भाग. लहान मूल वरून जड असतं, म्हणून पडताना डोक्यावर पडतं. मोटरसायकलवाल्यांच्या हेल्मेटविषयीचे जगभरचे अभ्यास एकत्र करून २००८ साली एक आढावा निघाला, त्यात हेल्मेटनं मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. पण हे मापाच्या हेल्मेटचं. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५० सेंटिमीटर. त्याला बाबाचं ५८ चं हेल्मेट घातलं तर ते घागर घातल्यासारखं गदागदा हलतं, डोळ्यांवर येतं. घालून मान हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर नाही. पट्टी हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढी घट्ट. आतल्या थर्माकोलसारख्या थरानं चेपून जाऊन मार झेलायचा असतो, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाद समजायचं.

पायांकडे मात्र कुणी बघत नाही. मागे बसलेल्या मुलाचा पाय लोंबकळतो आणि चाकाच्या तारांत जातो. टाचेची कातडी सोलून निघते, मागची मोठी शीर, जिच्यावर आपण चवड्यावर उभे राहतो, तीही तुटू शकते. महिनोनमहिने ड्रेसिंग. मोटरसायकलला पकडायला मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक झाकणारी जाळी असावी असा नियम आहे. आपण तिला साडीगार्ड म्हणतो, आणि 'आपल्याकडे साडी कोण नेसतं' म्हणून शोरूममधून निघाल्यावर आठ दिवसांत काढून टाकतो. ती जाळी पायाचीही आहे हो! दुसरीकडे सायलेन्सर. तो बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो, म्हणून मुलाला उतरवायचं डावीकडून.

मग मूल मागे एकटं बसायला कधी तयार झालं? स्पेनमध्ये सात वर्षांच्या आत नेताच येत नाही, इटलीत पाच. आपल्याकडे असं वय नाही, म्हणून मी वय विचारतच नाही. मी तीन गोष्टी बघतो. दोन्ही पाय फूटरेस्टवर पूर्ण टेकतात का. सांगितलं की घट्ट धरून ठेवतं का, की फुलपाखरू दिसलं की हात सोडतं. आणि या वेळेला ते जागं असतं का. शाळा सुटल्यानंतरची दुपार ही झोपेचीच वेळ आहे. तिसरी गोष्ट नसेल तर सात वर्षांच्या मुलालाही पट्टा लावा, कायदा चारपर्यंतच सांगत असला तरी.

आता प्रश्न घेऊ.

*हेल्मेटच्या वजनानं लहान मुलांची मान दुखावते असं ऐकलंय.*

हे व्हिएतनाममध्येही ऐकलं होतं. तिथे डिसेंबर २००७ मध्ये सगळ्या मोटरसायकलवाल्यांना हेल्मेट सक्तीचं झालं. मोठ्यांनी घातलं, पण मानेला अपाय होतो ही समजूत पसरली, आणि कितीतरी मुलं आईबापांच्या मागे उघड्या डोक्यानं बसत राहिली. शेवटी २०१० मध्ये मुलांसाठी दंडाची तरतूद करावी लागली. हलकं, मुलांसाठीच बनवलेलं हेल्मेट घ्या. मोठ्याचं दीड किलोचं घालू नका, तेवढं खरं.

*सहा महिन्यांच्या बाळाला लसीला न्यायचं तर?*

त्याची मान नुकतीच धरू लागलेली असते, हेल्मेट घालता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे, त्या दिवशी रिक्षा किंवा बस. लसी ठरलेल्या दिवशी असतात, त्या दिवसाचे रिक्षाचे पैसे आधीच बाजूला काढता येतात.

*सर, आम्ही चौघं आहोत आणि गाडी एक. लग्नाकार्याला जायचं कसं?*

ताई, याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. केरळ सरकारनं दहा वर्षांखालच्या मुलाला तिसरा माणूस म्हणून सूट मागितली होती, केंद्रानं ती दिली नाही. अंतर कमी असेल तर दोन खेपा. नाहीतर दोघं गाडीवर, दोघं बसनं, आणि लहान मूल बसनं जाणाऱ्याकडे. मुहूर्ताला उशीर होईल. आपल्याकडे मुहूर्तावर पोचतं तरी कोण! (हशा)

*तुमच्या नातवाचं काय ठरलं शेवटी?*

आता तीन वर्षांचा आहे. पट्टा लावून आईच्या मागे बसतो, हेल्मेट स्वतः मागून घेतो, कारण त्यावर वाघ आहे. पुढे उभं राहायचा हट्ट अजून सुटलेला नाही. म्हणून रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी मधल्या स्टँडवर लावून मी त्याला पुढे उभा करतो, चावी माझ्या खिशात. हॉर्न वाजत नाही म्हणून तो तोंडानंच वाजवतो.