टोला, जोर आणि वेग

'ताकद' हा शब्द मराठीत इतक्या सैलपणे वापरला जातो की, शरीरशिक्षणाच्या क्षेत्रात त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान होते. गोल्फच्या टोल्याचा वेग वाढविण्यासाठी बलसंवर्धक व्यायाम करावा की नाही, हा प्रश्न त्याचे बोलके उदाहरण होय. पुण्याचे उदयन माने २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत भारताच्या वतीने गोल्फ खेळले. तेव्हा हा खेळ मराठी वाचकास अगदीच परका म्हणता येणार नाही. या व्यायामासंबंधी दोन समजुती प्रचलित आहेत. अंगात जोर आला की टोला आपोआप लांब जातो, ही एक. आणि अंग भरले की हात जड होतो, ही दुसरी. दोन्ही अपुऱ्या आहेत, आणि दोहोंच्या मुळाशी शब्दांचा घोटाळा आहे.

पदार्थविज्ञानाच्या मराठी परिभाषेत बल, शक्ती आणि वेग या तीन निराळ्या संज्ञा आहेत. शक्ती म्हणजे एकक काळात घडलेले कार्य. अर्थात तिच्या व्याख्येतच काळ अंतर्भूत आहे. व्यवहारात मात्र आपण बल व शक्ती हे शब्द समानार्थी मानतो. तालमीत तर फारसीतून आलेला 'जोर' हा शब्द एका व्यायामप्रकाराचेच नाव होऊन बसला. 'शंभर जोर काढले' असे म्हणताना मोजणी आवर्तनांची होते, झपाट्याची होत नाही.

गोल्फमध्ये नेमका काळच तोकडा असतो. दांडा खांद्यामागून खाली येऊन चेंडूवर आदळेपर्यंत सुमारे पाव सेकंद लागतो. चेंडू व दांड्याचे टोक यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोनहजाराव्या भागापुरताच टिकतो. एवढ्या अवधीत अव्वल व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या दांड्याचे टोक ताशी सुमारे १८० किलोमीटर वेग गाठते. उलटपक्षी, स्नायूला आपले कमाल बल प्रकट करण्यास बहुधा पाव सेकंदाहून अधिक काळ लागतो. म्हणजे अंगी असलेले सर्व बल टोल्याच्या कामी येतच नाही. जे वेळेत जागे होते तेवढेच येते.

मालेगावच्या वाचकांस ही गोष्ट साध्या यंत्रमागावरून सहज उमगेल. धोट्याला टोला देणाऱ्या काठीस मागाच्या प्रत्येक फेऱ्यातील अल्पसा क्षणच मिळतो. ताण्याच्या धाग्यांमधील वाट उघडी असेतोवर धोटा पलीकडे पोहोचला पाहिजे. टोला ढिला अथवा उशिरा पडला तर धोटा मधेच अडकतो आणि धागे तुटतात. मोटारीत पुरेसे बल होते, हे समाधान तेथे कोण मानील?

दुसरा मुद्दा क्रमाचा. टोल्याचा आरंभ हातांत नसून पायांत आहे. जमिनीला रेटा देऊन प्रथम कंबर फिरते, मग धड, मग बाहू, आणि अखेरीस दांडा. आधीचा भाग मंदावू लागताच त्याची गती पुढच्या भागाकडे जाते. कॉक्रन आणि स्टॉब्स यांनी १९६८ सालच्या आपल्या ग्रंथात हात व दांडा यांची तुलना एकमेकांस जोडलेल्या दोन लंबकांशी केली, ती याच कारणास्तव आजही उपयोगी वाटते. केवळ दंड फुगवून वेग का वाढत नाही, याचे उत्तर येथे मिळते.

म्हणून व्यायामाची आखणी दुपदरी असावी लागते. वजन घेऊन बैठका काढणे, जमिनीवरील वजन उचलणे यांनी पाय व पाठ यांचे बल वाढते. हा पाया टाळता येत नाही. त्यावर उड्या मारणे, जड चेंडू कमरेतून फिरून भिंतीवर झपाट्याने फेकणे यांसारखे प्रकार हवेत. यांत वजन माफक, आवर्तने थोडी, पण प्रत्येक आवर्तन पूर्ण वेगाने. दमलेल्या अवस्थेत काढलेली वीस आवर्तने येथे केवळ मंदपणाच शिकवितात. अशा मिश्र व्यायामाने दांड्याचा वेग वाढतो, असे प्रयोगांतून आढळले आहे. हात जड होण्याची भीती त्यामुळे निराधार ठरते. मात्र सांध्यांची लवचीकता राखण्याची अट आहेच.

आपल्याकडील मुद्गलाचे काय, असा प्रश्न साहजिकच निघेल. मुद्गल खांद्यांची हालचाल मोकळी करतो व पकड घट्ट करतो. तथापि तो संथ, अखंड लयीत फिरवावयाचा असतो. त्याचा झोक म्हणजे गोल्फचा टोला नव्हे. पूरक व्यायाम म्हणून तो खुशाल करावा. विटीदांडूचा 'टोला' यापेक्षा जवळचा आहे, परंतु त्याला कोणी व्यायामाची प्रतिष्ठा दिली नाही!

गोल्फपटूंच्या दुखापतींत कमरेचे दुखणे अग्रभागी असते. तेव्हा वेगाचे व्यायाम पाठीचे बल सिद्ध झाल्यावरच हाती घ्यावेत, आणि आठवड्यातून दोन-तीन वेळांहून अधिक करू नयेत.