'सिंह' शब्दाची कुळकथा

'सिंह' हा शब्द ऋग्वेदाइतका प्राचीन असून, यास्काचार्यांनी निरुक्तात त्याची व्युत्पत्ती सांगताना 'सह्', म्हणजे पराभूत करणे, या धातूबरोबरच 'हिंस्' या धातूचाही पर्याय दिला आहे. त्यातील वर्णांची अदलाबदल होऊन 'सिंह' सिद्ध झाला, ही कल्पना मला विलक्षण मनोहर वाटते. आयाळीवरून तो 'केसरी' झाला, आणि १८८१ साली टिळक-आगरकरादिकांच्या वृत्तपत्राने तेच नाव धारण केले. फारसीतला 'शेर' मूळचा सिंहवाचक असताही हिंदुस्थानात वाघालाही लागू झाला. कोंढाण्याचे 'सिंहगड' हे नाव तर, १६७० मध्ये तानाजी मालुसरे धारातीर्थी पडण्यापूर्वीच्याही अस्सल पत्रांत आढळते, हे इतिहाससंशोधकांनी जुनी दफ्तरे धुंडाळून दाखविले आहे.