‘मी आणतो’ हे इंग्रजीत कसे म्हणाल?

पाहुण्यासमोरचा तांब्या रिकामा दिसला की तुमचा मुलगा उठतो आणि म्हणतो, “थांबा, मी पाणी आणतो.” याचेच इंग्रजी त्याला विचारून पाहा. बहुधा तो सांगेल, “आय ब्रिंग वॉटर.” शब्द बरोबर, पण अर्थ निसटला. ऐकणाऱ्याला वाटते, हा रोजचे काम सांगतो आहे. पाणी भरायलाच ठेवलाय जणू! इथे हवे, “आय विल ब्रिंग वॉटर.” बोलताना त्याचे आखडून ‘आयल ब्रिंग’ होते.

यात पोराचा दोष नाही. त्याने शाळेत ‘मी आणीन’ म्हणजे ‘आय विल ब्रिंग’ एवढे पाठ केलेले असते. पण ऐनवेळी सुचलेले काम मराठी माणूस ‘आणीन’ म्हणून सांगत नाही. तो म्हणतो, आणतो, धरतो, बघतो. वर्तमानकाळच वापरतो. इंग्रजीत त्या जागी भविष्यकाळ लागतो.

हा ‘विल’ तुम्हाला परका नाही. म्हातारपणी वकिलाकडे जाऊन जमिनीचे जे ‘विल’ करतात, तो शब्द आणि हा एकाच मुळातले. मूळ अर्थ इच्छा. “आय विल ब्रिंग” म्हणताना ‘माझी खुशी आहे, आणतो’ असा भाव त्यात अजून शिल्लक आहे.

आता व्यवहाराचे ऐका, कारण खरी गोम इथेच आहे. समजा, द्राक्षे घ्यायला परदेशी खरेदीदार बागेत आला. भाव बोलणे चालू आहे. तेवढ्यात तुमचा शिकलेला मुलगा म्हणाला, “वुई आर गोइंग टु सेल.” म्हणजे काय? ‘आम्ही विकणार आहोत, घरी ठरलेच आहे.’ मग तो गडी भाव कशाला वाढवील? भाव मनासारखा चढू द्यावा आणि मग म्हणावे, “ऑल राइट, वुई विल सेल.” म्हणजे, ‘बरे, तुमचा भाव ऐकला, आता देतो.’ ‘देतो’ आणि ‘देणार आहे’ यांतला फरक बाजारात तुम्ही कधी चुकत नाही. तोच इंग्रजीत न्यायचा, इतकेच.

मदत करण्याआधी विचारायचे असेल तर मात्र ‘विल’ नको. एस.टी.त म्हातारीचे गाठोडे पाहून आपण ‘मी धरू का?’ म्हणतो, तिथे इंग्रजीत ‘शॅल आय’ येते: “शॅल आय होल्ड इट?”

आणि याच ‘विल’चे नकारी रूप ‘वोन्ट’. ते निर्जीव वस्तूलाही लावतात. भर उन्हाळ्यात मोटार अडून बसली तर इंग्रज म्हणतो, “द पंप वोन्ट स्टार्ट.” पंपाची इच्छाच नाही! आपणही म्हणतोच की, “चालूच व्हायला तयार नाही.”